पांढरं सोडून कोन्तंबी

पांढरं न्हाई म्हनलं ना — उचल ते, बाजूला ठिव आधी. मऊ हाय, कळतंय मला, हात काय मेलेत का माझे? रंगाचं बोलून राहिलो मी. आरं, दवाखान्यापुढं ब्लँकेटं मांडून बसलास, त्याचा अर्थ ठाव हाय का तुला? माझी नात शिवांगी नांदेडला इंग्रजी शिकती, ती सकाळी आजीच्या उशाला बसून मोबाईलमधून वाचून दाखवत व्हती — ब्लँकेट म्हंजे मुळात पांढरं लोकरीचं कापड, आन् शब्दबी इंग्रजायचा न्हाई, फ्रान्सातून आलेला, तिकडं पांढऱ्याला 'ब्लां' म्हनतेत. जित्या मानसावर पांढरं घालतेत तिकडं! आपल्यात कवा घालतेत? हां. मंग? — आन् इंग्रजीत ओलं ब्लँकेट म्हंजे, चार मानसं हसत बसली की बेरंग करनारा. म्हनलं, म्हंजे मीच. तर सिंधु, माझी बायकू, डोळे उघडून हसली माझ्याकडं बघून.

तसं आमच्या घरात ब्लँकेट कशाला लागतंय? जळकोटात इचार, सिंधुच्या हातच्या वाकळा — जुनी लुगडी, धोतरं, लेकरायच्या फाटक्या चड्ड्या, समदं टाक्याखाली. अर्ध्या गल्लीला शिवून दिल्या. पन जलमभर जुन्याखालीच निजली ना ती. काल म्हनली, एकदा नव्याखाली निजू द्या मला. मी म्हनलं, लाड बघा म्हातारीचे — आसं म्हनलं, आन् आज आलो खाली.

ते? न्हाई, न्हाई, हिरवं तर अजिबात नको! घडी मोडू नको त्याची. आरं, तुझ्या घरी बायामानसं हायती का न्हाई? नवरा जिता असताना बाई गेली की हिरवं नेसवतेत, चुडा भरतेत, आन् गल्लीतल्या बाया म्हनतेत, नशीबवान. कशाची नशीबवान? मागं ऱ्हायलेल्याला कोन इचारतंय? — हे तुला कशाला सांगून राहिलो मी. डाक्टर म्हनला, घरी न्या. बरं हाय म्हनून न्या, आसं... न्हाई. तसं न्हाई म्हनला. जीप उभी हाय, रस्त्यानं वारं लागंल तिला, म्हनून.

ते लाल दे. फुलं हायती तर असू दे, तिला आवडतेत.

वाजू दे फोन. शिवांगीचाच आसंल, वर सिंधुपाशी बसलीय ती. तुला काय करायचंय? तू घडी घाल. नीट घाल, घाई नको. म्हनलं ना, वाजू दे — तुझं बांधून होईपर्यंत मी काय उचलत न्हाई. आन् माझ्या तोंडाकडं काय बघायलास? बांध.