कॅटलॉगमधलं माझं नाव

कारखान्यातनं मला काढलं तेव्हा कोणीच अडवलं नाय म्हणता? एकानं अडवलं. मी सांभाळायचो त्या डेटाबेसनं.

चौथ्या दिवशी बोईसरच्या कारखान्यातनं साहेबांचा फोन. "अरे, तुझं युजर खातं डिलीटच होत नाही."

म्हटलं, "कसं होईल? माहितीचं कोणतं टेबल कोणाचं, हे डेटाबेस आपल्या सिस्टीम कॅटलॉगमध्ये लिहून ठेवतो. तिथं सगळी टेबलं माझ्या नावावर हायत. मालकाला असं काढता येत नाय."

"मग काय करू?"

"आधी सगळं दुसऱ्याच्या नावावर करा."

ते त्यांना येईना. मीच फोनवर एकेक कमांड सांगितली. मला काढायचं कामही शेवटी मीच करून दिलं.

फोन अजून कानालाच होता. साहेब तिकडं कोणाला तरी म्हणाले, "गेला एकदाचा."