बर्डीचं पेटंट

…नाही नाही, तसं नाही म्हणत मी — लस वाईट असं मी कधीच म्हटलं नाही, हे गाव वाटेल ते सांगेल तुम्हाला. मी म्हणतो ते एवढंच, की माल ज्याचा, तपासणारा तोच, आणि ‘घ्या हो, चांगला आहे, घ्या’ म्हणून दारोदार सांगणाराही तोच — असं कुठल्या धंद्यात चालतं? सांगा ना. चालतं का? नाही चालत. जरा हे टोक धरा. हां, असं. यात पेट्रोल कधी भरलं होतं? — बघा, अख्खा हिवाळा तसंच ठेवलंत, आता कार्बोरेटरमध्ये सगळा चिकटा झालाय. मग कशी चालू होईल करवत? मेरीलँडची ना तुम्ही माणसं? गाडीची पाटी बघितली मी, तुम्ही वळलात तेव्हाच बघितली. कास्टोंचं ओढ्यावरचं घर तुम्हीच घेतलंत म्हणता — घेतलंही असेल. नाही, रागावू नका, आपलं विचारलं. हल्ली कोण कशाला येतं कळत नाही. मागे एक बाई गवत कापायचं मशीन घेऊन आली, इथेच उभी राहिली, तुम्ही आहात तिथे, आणि गोड बोलत बोलत विचारते काय, ‘टॅकेटसाहेब, त्या सभेत नेमकं काय झालं हो?’ मशीनला काही झालेलंच नव्हतं! पेपरवाली निघाली.

तुम्हाला नाही माहीत सभेचं? खरंच? मग बसा. त्या पिंपावर नको, ते तेलकट आहे, पलीकडच्यावर.

सभा मीच बोलावली होती. म्हणजे मी आणि डेलबर्ट सिसनने — वरच्या आळीचा, शाळेची बस चालवतो, चांगला माणूस आहे, होता, आहे. झालं असं की म्हाताऱ्यांच्या छातीच्या तापावर ती नवी लस निघाली, आणि आरोग्य खात्याची माणसं आपल्या चर्चमध्ये येऊन टोचणार असं ठरलं. आणि डेलबर्टला इंटरनेटवर सापडलं की लशीचं पेटंट कुणाचं? खात्याचंच! म्हटलं, हे लोकांना कळायला नको? आता पेटंट म्हणजे काय ते मला विचारा. मला! तो वर टांगलेला चिमटा दिसतो का — करवतीच्या साखळीला धार लावायचा? तो मी बनवला. एका कंपनीचा विक्रेता आला, ‘वा ऑरिन, काय डोकं आहे तुझं,’ म्हणाला, फोटो काढून घेऊन गेला, आणि पुढच्या हंगामात तोच चिमटा दुकानादुकानांत, लाल रंगात. लाल! मी काय करणार होतो? कागदच नव्हता केलेला. घरी जेवताना मुलीला हजारदा सांगितलंय मी, बर्डी, पोरी, आयुष्यात काहीही बनवलंस तरी आधी त्यावर नाव घाल, नाहीतर तुझंच तुला विकतील.

हो, एकच मुलगी. तिकडेच असते, तुमच्या बाजूला.

तर सभा. बंबवाल्यांच्या हॉलमध्ये, खच्चून गर्दी, कॉफी, ड्रीमाने — माझी बायको — स्वतः केलेले पेपरोनी रोल, मसालेदार मांस भरलेले पाव. मी बोललो. मी उभा राहिलो की लोक ऐकतात. ऐकायचे. चिमट्याची गोष्ट सांगितली, म्हटलं, पेटंट आलं की मागून पैसा येतो, आणि पैसा आला की जीभ आपल्या मालकीची राहत नाही. काय टाळ्या पडल्या! मग डेलबर्टने पेटंटच दाखवलं भिंतीवर, मोठं करून. मालक — अमेरिकेचं सरकार. लोक चिडले. तेवढ्यावर थांबायचं की नाही? पण नाही, तो म्हणतो, ‘अजून ऐका, ज्यांनी शोध लावला त्यांना दरसाल वाटा मिळतो, ही बघा त्यांची नावं.’ आणि एकेक नाव वाचायला लागला. प्रत्येक नावाला हॉल ओरडतोय, ‘चोर!’ मीही ओरडत होतो. का नाही ओरडणार? पुढचं नाव आलं, ओरडलो — आणि मग माझ्या कानात शिरलं ते नाव. माझ्या पोरीचं! लग्नानंतरचं आडनाव, त्याआधी कागदावरचं नाव, इथे त्या नावाने तिला कोण ओळखतं? जन्मल्यापासून बर्डीच ती. कुणाच्या लक्षातही आलं नसतं. शप्पथ सांगतो, कुणाच्याही नाही.

पण ड्रीमा उठली.

तशी ती चार लोकांत बोलणारी नव्हे. छातीचं दुखणं, मागच्या हिवाळ्यात महिनाभर दवाखान्यात होती, दोन वाक्यं बोलली तरी धाप लागते. पण उठली. म्हणाली, ‘ती माझी बर्डी आहे. डेलबर्ट, तुझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा रोज संध्याकाळी येऊन तिला वाचून दाखवायची ती बर्डी. तिला चोर म्हणायचं असेल तर माझ्याकडे बघून म्हण.’ डेलबर्टचा चेहरा पांढराफटक. आणि मग ड्रीमाने माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. आता मी उठणारच होतो — हा माझा गुडघा बघता ना, बसला की बसतो, झटकन उठवत नाही मला — आणि उठून बोलायचं काय, तेही ठरवायला नको? तोपर्यंत ती दाराबाहेर गेली होती. ट्रक सुरू झाल्याचं ऐकू आलं. दुसऱ्या गिअरला खरखरतो तो, कधीपासून करायचंय ते काम.

तो प्लग द्या इकडे. नाही, छोटा.

गेली ती थेट बर्डीकडे, मेरीलँडला, खात्याची प्रयोगशाळा आहे ना तिथे, तिथेच कामाला आहे बर्डी. अजून तिथेच आहे. मी फोन केला ना — बर्डीला केला, म्हटलं, मला सांगितलं का नाहीस? तर म्हणते, ‘बाबा, सांगितलं होतं. नाताळात, जेवताना. तुम्ही म्हणालात छान छान, आणि मॅचचा आवाज वाढवलात.’ असेल. मी म्हटलं, मग सरकारच्या नावावर का घातलंस? तर शांतपणे म्हणते — लहानपणापासून अशीच, ओरडत नाही, त्याने माणूस जास्त चिडतो — ‘आम्ही घातलं नसतं तर एखाद्या कंपनीने आपल्या नावावर घातलं असतं, आणि मग तिने कुंपण घालून दाराशी बसून हवा तो भाव लावला असता. हे मला कुणी शिकवलं, बाबा?’ मी म्हटलं, आणि तुझा वाटा? ‘मिळतो. लपवलेला नाही. नियमच आहे तसा.’ बघा! म्हणजे मी म्हणत होतो ते खरंच ना? तुम्हीच सांगा, खरं ना? … अहो, ती खोटं बोलत नाही हे मला माहीत आहे, माझी पोर आहे ती. पण खात्यात बसलेले बाकीचे कुणाची पोरं आहेत, मला काय माहीत?

आणि गंमत बघा, गावाला वाटतं मला सगळं आधीपासून ठाऊक होतं. टॅकेटच्या घरात पैसा येतो आणि टॅकेटच सभा घेतो! चर्चमध्ये माझ्या बाकावर कुणी बसत नाही. करवती सगळ्या खालच्या गावात जातात दुरुस्तीला. तुम्ही नवे म्हणून आलात. हो ना? नवे म्हणूनच ना?

आता ड्रीमाने ती लस टोचून घेतली. तिकडे, बर्डीच्या समोर. मला न विचारता. मी रोज संध्याकाळी फोन करतो — का नाही करणार, बायको आहे माझी — हात दुखतो का, अंग तापलंय का, धाप वाढली का, सगळं नीट विचारतो. रोज म्हणते, मी बरी आहे, काल तर टेकडी चढून आले. टेकडी! इथे अंगणातून फाटकापर्यंत जाताना थांबायची. मी म्हटलं, नीट बघ, थर्मामीटर लाव, थोडा तरी असेल. तर म्हणाली, ‘ऑरिन, मला ताप आला की तुझ्या जिवाला बरं वाटेल, होय ना?’ असं बोलतात का नवऱ्याला? कोण असं — आणि माणसाच्या मनात क्षणभर काय येईल, त्याला माणूस काय करणार, नुसता क्षणभर हो, एकदा आला असता ताप, थोडासाच, उतरलाही असता लगेच, म्हणजे निदान लोकांना मी खरा —

…काय?

नाही. मी असं काही म्हटलं नाही. तुम्ही चुकीचं ऐकलंत.

ओढा ती दोरी. ओढा. झाली बघा सुरू. राहू द्या, पैसे नकोत. गाडी मागे घेताना डावीकडे खड्डा आहे. जा आता.