समोरून उघडणारी गाडी

माह्यं मूळ विचारता तर दिग्रसच्या अलीकडचा तांडा. आमचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून मुलूख फिरले, बापानं मात्र जमीन धरली, कापूस अन् तूर. माहा जीव काही शेतात रमला नाही. ट्रकवर क्लीनर झालो, मग फिटर, मग बंद पडलेल्या गाड्या घ्यायच्या, खोलायच्या, सामान विकायचं, असं करत करत आज माह्यं स्वतःचं गोडाऊन आहे. कोणाच्या बापाचे उपकार नाहीत. भाव पाडायले माह्यासारखा माणूस तुम्हाले पुसदपर्यंत भेटणार नाही, अन् हे मी नाही म्हणत, मले शिव्या देणारे लोकं म्हणतात.

जुनी गाडी म्हणजे काय सांगू तुम्हाले, प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. एका मोटारीचे दरवाजे उलटे उघडायचे, लुगडंवाल्या बाईले बसायले सोयीचं, पण चालत्या गाडीत कडी निसटली की वारा दारच ओढून नेते. एकीले वळायचा दिवा नव्हता, दोन दारांमधल्या खांबातून लाल पट्टी बाहेर यायची, वर्गात पोरानं हात वर करावा तशी. शेकडो गाड्या ह्या हातांनी खोलल्या, कोणासाठी डोळ्यात पाणी नाही आलं. एकच सोडून, अन् ती तर मी खोलली बी नाही.

ती डॉक्टरसाहेबांची. मी लहान होतो तेव्हा दिग्रसले त्यांचा दवाखाना होता. गाडी अंड्यासारखी गोल, पुढं दोन चाकं, मागं एक. बाजूले दारच नाही, अख्खं तोंड म्हणजे दार, फ्रिज उघडते ना तसं समोरून उघडायचं, अन् त्याच्यासंग स्टेरिंग बी बाहेर झुलायचं. अन् मागं जायचा गिअरच नाही. एकदा साहेबांनी कापसाच्या जिनिंगच्या भिंतीले नाक टेकवून गाडी लावली, आता दार उघडेना अन् गाडी मागं जाईना. छपराचं कापड सरकवून साहेब डोकं बाहेर काढून ओरडून राह्यले, अरे ढकला रे कोणी, अन् हमाल लोकं पोट धरून हसून राह्यले, म्हणे पाहा पाहा, अंड्यातून पिल्लू निघालं.

त्याच गाडीत मी एकदा बसलो. सात वर्षांचा असीन. ताप डोक्यात गेलता, साहेब म्हणाले यवतमाळले न्यावं लागते, माह्या गाडीत बस बाई. आमची याडी, म्हणजे माय, कधी मोटारीत बसली नव्हती. दार लागलं, सगळा रस्ता काचेतून अंगावर याले लागला, तिनं भिऊन माह्ये डोळे झाकले, पण आपण मात्र पाहत राह्यली, अन् दारव्हा गेल्यावर मले दिसलं की ती हसून राह्यली. कामाच्या धबडग्यात तिले तसं निवांत हसताना मी पुन्हा पाह्यलं नाही.

साहेब गेले. त्यांचा पोरगा म्हणजे आमचे शाळेतले गुरुजी, आता रिटायर. तीन वर्षांखाली त्यांनी बोलावलं, घरामागं जुनी गाडी आहे, पाहून घे. टिनाच्या शेडात पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांच्या ढिगामागं तीच उभी. हात लावावा वाटला, पण मी हात खिशात घातले. आता आमच्या धंद्याची रीत अशी, वस्तू जितकी आवडली तितकी नावं ठेवायची. मी सुरू झालो. पत्रा सडला, इंजिन जाम, ह्याचं सामान कुठंच मिळत नाही, चार माणसं ह्यात बसत नाहीत, ही गाडी हाय का खेळणं. गुरुजींचं तोंड उतरत गेलं अन् मले वाटलं भाव उतरून राह्यला. ते म्हणाले, बाबा शेवटपर्यंत हिच्यावर हात फिरवायचे रे. मी म्हणलं, तेव्हा जित्ती होती, आता मढं आहे गुरुजी, मढं. अन् ताडकन उठलो. चहा घेऊन जा म्हणाले, घेतला नाही, चहा पिला की जीभ नरम पडते. आठ दिवस जायचं नाही, समोरच्याले पिकू द्यायचं, हाच तर सौदा.

नवव्या दिवशी टेम्पो घेऊन गेलो, संग हार अन् नारळ. शेड रिकामं, झाडून काढलेलं. परवा भंगारवाला कटर घेऊन आलता, गुरुजी म्हणाले, इथंच तुकडे करून घेऊन गेला. मी भडकलो, काहून दिली? ते शांतच. म्हणे तू जाणकार, तूच म्हणला मढं आहे, मग मढं घरात किती दिवस ठेवावं? अहो तो सौदा होता गुरुजी! ते म्हणे, मले कसं समजावं, तुले पाहिजे होती का? आता पाहा, तेव्हाही माह्या तोंडातून हो निघालं नाही. नारळ टेम्पोत आपटला अन् निघालो. भंगारवाल्याकडं गेलो तर माल नागपूरच्या भट्टीले गेलता.

गुरुजींशी मी बोलत नाही. लग्नात समोर आले तर पंगत बदलतो. एक फोन करता येत नव्हता? शिकलेला माणूस ना तुम्ही?

पण धंद्यात काहीतरी बिघडलं माह्यं. मागच्या महिन्यात केळापूरले गेलतो, एका शेतकऱ्याकडं जुनी मोटरसायकल होती, गिअर पायात नाही, टाकीजवळ दांडा, हातानं टाकायचा. नावं ठेवायले तोंड उघडलं अन् भलतंच निघालं. म्हणलं भाऊ, अशी गाडी मी आयुष्यात दुसरी नाही पाह्यली, ह्या टाकीवरची रेघ हातानं ओढलेली आहे, रंगारी काय असंल. त्यानं बायकोले हाक मारली, अवं ऐक, हे काका काय म्हणतात. अन् मग तोच मले म्हणते, काका, इतकी चांगली आहे तर मी इकू कायले? डोकं असं फिरलं माह्यं. माह्या डोळ्यादेखत दोघांनी ती गोठ्यातून ढकलत आणली, ओसरीवर चढवली, त्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढला अन् पुसाले लागला.

रिकाम्या हातानं आलो. बायको म्हणते, म्हातारपणी अक्कल गेली तुमची. गेली असंल. पण त्या ओसरीवर गाडी उभी आहे. राहू द्या उभी, त्याच्या नातवांले दिसो.