वरवंट्याची सुट्टी

तुमच्या मिक्सरचं कौतुक पुरे, आमच्या वरवंट्याचं ऐका. सत्तर-पंच्याहत्तरच्या सुमाराला सोलापुरात गिरणीच्या चाळीत आमची एकच खोली. लग्नानंतर नवी पेठेत भांडी घ्यायला गेलो, तर बायको म्हणाली, "खलबत्ता नको. ठेवायला जागा कुटंय? पाटा-वरवंटा घ्या, त्यातच सगळं होतंय की."

आणि खरंच, त्याच वरवंट्यानं ती वाटण वाटायची, नारळ फोडायची, भिंतीत खिळेसुद्धा ठोकायची.

पोराच्या बारशाला रीतीप्रमाणे वरवंट्याला कुंची घालून आधी पाळण्यात निजवलं, मग बाळाला. नाव ठेवून झालं, पंगत बसायची वेळ आली आणि शेंगाची चटणी राहिलेली! मी पाळण्यातला वरवंटा उचलून बायकोपुढं धरला.

बाराव्या दिवसाची बाळंतीण ती. हळूच म्हणाली, "वर्षभर राबतोय बिचारा. आजचा दिवस तरी पडू द्या की त्याला."

आईनं ते ऐकलं. माझ्या हातातला वरवंटा घेऊन तिनं परत बाळाच्या पायथ्याशी ठेवला आणि सुनेला म्हणाली, "तूबी पड जा, पोरी."

मग माझ्याकडं वळली. "बघत काय हुबा ऱ्हायलास? शेजारचा खलबत्ता मागून आण, आन् कूट चटणी."