आधी अंघोळ, मग दवाखाना

माझं गाव निपाणीच्या बाजूचं, नाव लिहू नका. मी घरातली तिसरी पोरगी. आमची मांगाची गल्ली गावाच्या खालच्या अंगाला, वरच्या घरांचं सांडपाणी वाहत येऊन आमच्या दारात थांबायचं. आई तंबाखूच्या वखारीत, मीबी बारा वर्साची असल्यापासनं वखारीत, दिवसभर तंबाखू चाळायची, नाकातोंडात भुकटी. तुमची आई आमच्यासंगं चाळायला होती म्हणून सांगायला बसलो, न्हायतर कशाला सांगतोय. तो वास तुम्हाला ठाऊक हाय. केसात, पदरात, भाकरीत सुद्धा असतोय, साबणानं जात न्हाय.

म्हणून आम्हा बायकांचा एक नेम होता, दवाखान्यात जायचं तर आधी अंघोळ. ताप असू दे, हात मोडू दे. माझ्या बाळंतपणात कळा सुरू झाल्या तर सासू चुलीवर पाणी तापवत बसली, म्हटली तशी नेली तर नर्स हात लावायची न्हाय. न्हाऊन गेलो, तरी नर्सनं आधी विचारलं कुठल्या गल्लीतली, मग हातमोज्यावर हातमोजे घातले. वखारीत आम्ही ह्याच्यावर हसायचो. काशी म्हणायची, मेलो तर यमबी म्हणंल, जा गं, न्हाऊन ये.

ती जन्मली ती अश्विनी, आमची आशी. नवरा लवकर गेला, मी एकटीनं शिकवली, बीए झाली. निपाणीत कापडाच्या दुकानात कामाला लागली. बावीस वर्साची होती. एके दिवशी तिची बस चुकली, आमच्या मुकादमाचा भाऊ गाडीवरनं चालला होता, म्हटला चल सोडतो. लहानपणापासनं त्याला मामा म्हणायची. पुढचं मी सांगत न्हाय. ते तिचं हाय, तिला वाटलं तर ती सांगंल.

उजेड होता अजून, ती घरात आली आणि भिंतीला टेकून बसली. सांगितलं सगळं. रडली न्हाय. म्हटली आई, असंच दवाखान्यात जाऊया, आत्ताच. तिनं कुठंतरी वाचलं होतं. मी म्हटलं अशी? चिखलात, फाटक्या कपड्यात? अशी नेली तर कोण हात लावंल तुला? ती न्हाय न्हाय म्हणत होती आणि मी तिला धरून न्हाणीत नेली. काय सांगू तुम्हाला, डोक्यावरनं पाणी घातलं, दगडानं पाठ घासली. नखं घासली. आमच्या नखात तंबाखू असती, म्हणून सवयीनं पोरीची बी नखं आधी घासली. कपडे साबणात भिजत घातले. धुतलेला ड्रेस घातला, वेणी घातली, मग नेली.

कुठला दवाखाना ते बी लिहू नका. आधी चौकीत बसवलं, मग दवाखान्यात बाहेर बसवलं. आत नाव विचारलं, गाव विचारलं, गल्ली विचारली. गल्ली सांगितल्यावर लिहिणाऱ्यानं मान वर करून बघितलं. नर्स डॉक्टरला कन्नडात म्हटली, ह्यांच्यात हे नवं न्हाय. तिला वाटलं मला कळत न्हाय. वखारीत निम्म्या बायका कन्नड बोलत्यात, मला सगळं कळतंय.

बाई डॉक्टर रजेवर, म्हणून गडीमाणूस डॉक्टर. तो टेबलापासनं चार हात लांब उभा राहिला. पोरीला विचारतोय, आधी कुणासंगं होतीस का, लग्न ठरलंय का. तिच्या अंगाला त्यानं बोट लावलं न्हाय. कापसाच्या काड्या नर्सकडं दिल्या, नर्सनं माझ्याकडं दिल्या, म्हटली तुझी पोरगी हाय, तूच पुसून घे, मी सांगते तसं. मी आई. माझ्या हातानं करायला लावलं. तिनं डोळे मिटले न्हाईत, वर पंख्याकडं बघत राहिली. मी म्हणत होतो झालं गं, झालं गं. ज्यांनी हात लावावा म्हणून न्हाऊ घातली, त्यांनी हात लावलाच न्हाय. आणि कागदावर लिहिलं, अंघोळ केलेली आहे, काही आढळलं नाही.

माझी चूक मला सहा महिन्यांनी कळली. काशी आता वखारीत यायच्या आधी पेठेत एका मोठ्या घरी भांड्याला जाती. त्या घरातल्या पोरीवर बी तसाच प्रसंग आला, त्याच दवाखान्यात नेली, काशी संगं होती. तिच्यासाठी बेळगावनं बाई डॉक्टर बोलावली. तिला कागद अंथरून त्यावर उभी केली, कपडे वाळवून कागदी पिशवीत घातले, नखातलं सुद्धा काढून घेतलं. आणि बाईनं पहिलं काय विचारलं, तर बाळा, अंघोळ केली न्हाईस न्हवं? शहाणी गं माझी. काशी हे सांगत होती आणि मी चाळण हातात धरून तशीच बसलो. त्या पोरीचं भलं होऊ दे, तिला मिळालं ते बरंच झालं. पण बाळा म्हटली तिला.

कोर्टात त्याच्या वकिलानं विचारलं, अंघोळ कुणी घातली? म्हटलं मी. का घातली? म्हटलं साहेब, आम्ही न्हाऊनच दवाखान्यात जातो. मागं दोघंतिघं हसले. वकील म्हटला, मावशी, पोरगी दाखवायला नेलती का? त्याला बी हसले. जज्ज खाली बघून लिहीत होते. आशीचं बोलणं एका बाजूला आणि तो कागद एका बाजूला. कागदाचं ऐकलं. तो सुटला. गल्लीच्या तोंडाला फटाके वाजवले त्याच्या माणसांनी.

मी अजून त्याच वखारीत हाय. ह्या वयात दुसरीकडं कोण घेतंय. त्याचा भाऊ, आमचा मुकादम, रोज सकाळी हजेरीला माझं नाव घेतोय, मी हजर म्हणतो.

आशी बेळगावात असती, उद्यमबागेत एका कारखान्यात पॅकिंगला हाय, खोली घेतलीया. मला दोष देत न्हाय. निकालाच्या दिवशी बसमध्ये एकदाच म्हटली, मी म्हटलं होतं असंच जाऊया. त्यानंतर कधी बोलली न्हाय. रोज बोलली असती तर माझं हलकं झालं असतं.

महिन्यातनं एकदा मी जातो. चहा करती, जेवाय घालती, कामावरच्या बायकांच्या गमती सांगती, हसती सुद्धा. मी तिच्या डोक्यावरनं हात फिरवायला गेलो की मान जरा बाजूला घेती. मुद्दाम करत न्हाय, तिला कळत बी नसंल. अंगच तसं करतंय. मग मी हात मागं घेतो, पदर नीट करतोय असं दाखवतो. सुखात असू दे तिला. मला लांब बसवलं तरी चालंल.