आधी पिच विचारा

…आणि लोक विचारतात काय, तर किती केल्या! अरे, माणूस मैदानावरून घामाघूम होऊन येतोय, खांद्यावर किट बॅग आहे, त्याला आधी पाणी विचाराल की नाही? नाही. किती केल्या? तुम्हाला सांगतो, वीस वर्षं झाली मला क्लबकडून ओपनिंगला जाऊन, पण पिच कसं होतं हे एकाही माणसाने विचारलेलं नाही. धावा काय विचारता? आधी पिच विचारा ना.

कारण ओपनरच्या वाट्याला काय येतं? चेंडू नवा, बोलर ताजा, पिचवर सकाळची ओल आणि वर ढग. चेंडू येताना दिसतो ऑफ स्टंपवर, तुम्ही बॅट तिकडे नेता, तर हा वळला बाहेर, कड घेऊन थेट स्लिपच्या हातात. पुढच्या रविवारी म्हणता, बाहेर जाईल, सोडून देऊ, तर हा आत, मधला स्टंप गायब. आणि सहाव्या नंबरवाला येतो तेव्हा? ऊन पडलंय, पिच वाळलंय, चेंडूची लकाकी गेलीय, तो हलायचंच विसरलाय… हा गडी सत्तर करतो आणि कॉलर वर करून फिरतो. ती लकाकी घालवली कोणी? मी ना? आता दोनच चेंडूंत किती घालवणार, ते सोडा.

हे बायकोला समजवायला गेलो, तर म्हणाली, "तुमचंच पिच बाराही महिने ओलं कसं हो?" वर अट घातली. बेडरूममध्ये खिडकीजवळ एक कोपरा आहे, तिथे माझं किट असतं, आणि तिला तिथे शिलाई मशीन हवंय, उजेड चांगला येतो म्हणून. "रविवारी सीझनची शेवटची मॅच ना? पन्नास करा, कोपरा तुमचा. नाही झाले, तर किट माळ्यावर, आणि पुढच्या सीझनला रविवारी तुम्ही घरात." आणि माझ्या देखत टेप घेऊन कोपरा मोजायला लागली.

म्हणजे प्रश्न नुसत्या पन्नास धावांचा नव्हता हो, माझ्या सगळ्या रविवारांचा होता.

तर त्या रविवारी सगळ्यांच्या आधी मी मैदानावर हजर. पांढरी पँट, कडक इस्त्रीची. वर बघतो तर ढग. पिचवर गेलो, पाण्याची बाटली बाजूला ठेवली, गुडघ्यावर बसलो, हात फिरवला, नाक लावून वास घेतला आणि स्कूटरची किल्ली टोचून बघितली. तुम्हाला सांगतो, किल्ली अशी आत गेली… अशी… लोण्यात सुरी जावी तशी. आणि समोरच्या टीममध्ये बोलर कोण, तर तो इलेक्ट्रिशियन. दोन्ही बाजूंना स्विंग करतो. मला बघितलं की गालातल्या गालात हसतो.

आमचा कॅप्टन पेट्रोल पंपावर मॅनेजर आहे. तो नेमका टॉस हरून आला. "आपली बॅटिंग." मी लगेच कंबर धरली. म्हटलं, कॅप्टन, उसण भरलीय, मी आपला वन डाउन जातो, ओपनिंगला आमच्या मेहुण्याला पाठवा. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, सलून चालवतो, बॅट धरतो झाडू धरल्यासारखी. तो हरखलाच. "दाजी, मी? नव्या चेंडूवर?" म्हटलं, जा रे, दाजी आहेत ना मागे. मनात हिशेब असा, की हा सात-आठ ओव्हर कसाबसा टिकेल, चेंडू जुना करेल, आउट होईल, तोवर ऊन येईल, मग मी जाईन सावकाश, पन्नास करायला.

पहिला चेंडू… सरळ. दुसरा सरळ. इलेक्ट्रिशियन पँटवर चेंडू घासतोय, घाम लावतोय, शिवण बघतोय, पण चेंडू काही हलेना. ढग कुठे गेले कोणास ठाऊक, ऊन पडलं लख्ख, आणि मेहुणा झाडू फिरवतोय, चार, चार, परत चार. तेवढ्यात अंपायर आले, निवृत्त मास्तर आहेत, हातात बाटली धरून. "ही कोणाची? टोपण गळतंय हिचं. पिचच्या कडेला वीतभर चिखल केलाय. बाकी पिच म्हणजे फरशी आहे फरशी, तीनशे होतील."

बाटली घेतली आणि किट बॅगेत अगदी तळाशी दडवली.

वीस ओव्हर झाल्या, विकेट नाही. म्हटलं, हरकत नाही, तीस आहेत अजून. तीस झाल्या, विकेट नाही. म्हटलं, जरा फटकेबाजी करू. आणि इकडे मी पॅड, हेल्मेट, ग्लोव्हज, सगळं चढवून तंबूत बसलेलो, त्यात सकाळपासून दोन बाटल्या पाणी प्यालेलो. पण जाणार कसा? हे सगळं सोडायचं आणि नेमकी तेव्हाच विकेट पडली तर? पॅड बांधल्यावर पायावर पाय टाकूनही बसता येत नाही, बघा करून एकदा.

चाळिसाव्या ओव्हरला मेहुण्याने मारला उंच. खाली कोण, तर इलेक्ट्रिशियनच. मी टुणकन उठलो, ग्लोव्हज आवळले, आणि त्याने झेल सोडला. तंबूत सगळे टाळ्या वाजवतायत आणि मी एकटा म्हणतोय, अरेरे! कॅप्टन म्हणतो, "कंबर बरी झाली वाटतं तुमची." शेवटच्या ओव्हरला म्हटलं, आता सहाच्या सहा षटकार मारले तरी छत्तीस. तिथेच पॅड सोडले आणि पळालो. परत आलो तेव्हा फळ्यावर बिनबाद तीनशे. मेहुण्याचं शतक.

दुपारी परत ढग आले, आमच्या बोलरांचा चेंडू असा वळला, की त्यांचे ओपनर एका ओव्हरमध्ये घरी. इलेक्ट्रिशियन शून्यावर गेला आणि मला म्हणाला, "काय पिच आहे राव!" अख्ख्या मैदानात त्याचं दुःख मला एकट्याला कळलं.

घरी आलो. बायको दारातच, "किती केल्या?" म्हटलं, हे बघ, धावा विचारू नकोस, आधी पिच विचार. आणि काय सांगू तुम्हाला, वीस वर्षांत पहिल्यांदा तिने विचारलं, अगदी प्रेमाने. "बरं, कसं होतं पिच?"

भावाचा फोन आधीच येऊन गेला होता तिला. म्हटलं… चांगलं होतं.

आता कोपऱ्यात शिलाई मशीन आहे. उजेड खरंच छान येतो तिथे. तिने पहिलीच वस्तू शिवली ती भावाच्या बॅटला खोळ, पांढरीशुभ्र. परवा मेहुणा घेऊन आला दाखवायला, म्हणतो, "दाजी, कशी झालीय?" म्हटलं, बाबा रे, खोळ कशी झालीय ते विचारू नकोस. आधी पँट कोणाची ते विचार.