रखमाबाईंची वाटी

(जांबुघोड्याच्या डोंगरपायथ्याशी एक लहान घर. दिवेलागण. लक्ष्मण रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून इथे राहतात; त्यांच्या पत्नी निरुपमा बडोद्याहून आज पहिल्यांदाच मुक्कामाला आल्या आहेत.)

निरुपमा : अहो, परत अंधारून आलं! नळ उघडला की दिवा विझायला टेकतो. कसलं हे घर?

लक्ष्मण : विझत नाही गं, मंदावतो. डोंगरातून झऱ्याचं पाणी एकाच पाइपातून येतं. तू भांडी विसळलीस की दिव्याच्या चाकाला पाणी कमी पडतं. नळ बंद कर. आला ना उजेड?

निरुपमा : आला. पण मला दोन्ही एकदम लागतं. बडोद्यात तरसालीच्या घरात मिळतं.

लक्ष्मण : तिथे लाइट गेली की मोटर बंद, म्हणजे दोन्ही एकदमच जातं. हा झरा मे महिन्यातही आटला नाही. रोज सकाळी त्याला हात जोडतो मी.

निरुपमा : जोडा. पण उत्कर्ष म्हणालाय, नाही जमलं तर पप्पांना घेऊनच ये. सकाळच्या बसने मी निघणार, आणि तुम्हीही.

लक्ष्मण : बरं. निदान चाक तरी बघून जा. ये, घरामागेच आहे.

निरुपमा : चला... अगंबाई, ह्या चाकाला वाट्या कसल्या लावल्यात?

लक्ष्मण : धार वाटीत बसली की चाक फिरतं, त्यावर डायनॅमो.

निरुपमा : थांबवा बघू ते. हे नाव... सौ. शिवांगी, संक्रांत. अहो! ही माझी हळदीकुंकवाची वाणं! माळा उपसून उपसून थकले मी!

लक्ष्मण : तूच म्हणायचीस, दर वर्षी वाट्याच वाट्या, ठेवू कुठे.

निरुपमा : म्हणायचे! म्हणून काय न विचारता भोकं पाडायची? ही मोहनाताईंची. आणि ही... रखमाबाईंची?

लक्ष्मण : सगळ्यात जाड तीच.

निरुपमा : प्रतापनगरच्या क्वार्टरमध्ये नवी आले, कोणी ओळखीचं नाही. रडत बसले होते. त्यांनी हाताला धरून हळदीकुंकवाला नेलं. माझं पहिलं वाण हे. त्या गेल्या, आणि त्यांची वाटी इथे दिवा लावतेय.

लक्ष्मण : चुकलंच माझं. काढून देतो सगळ्या, घेऊन जा. मी कंदील लावीन.

निरुपमा : आणि तुम्ही? बसला नाही येणार?

लक्ष्मण : एक सांगू? मघाशी तू आत भांडी विसळत होतीस, मी बाहेर खाटेवर होतो. बसल्या जागी दिवा मंदावला. इथे आल्यापासून पहिल्यांदा.

निरुपमा : पहिल्यांदा कसा? तुम्ही नळ उघडत नव्हतात?

लक्ष्मण : उघडायचो की. पण तेव्हा नळाशी मीच असायचो. आज कळलं, घरात कोणीतरी आहे. फार बरं वाटलं गं.

निरुपमा : ...सोडा पाणी चाकावर. वाट्या राहू देत.

लक्ष्मण : आणि सकाळची बस?

निरुपमा : सकाळी नाक्यावरच्या एसटीडीवरून उत्कर्षला सांगते, माळ्यावर उरलेल्या वाट्या घेऊन ये. थोडा उजेड तरी वाढेल. तुम्ही बसा खाटेवर, मी तांदूळ धुते.

लक्ष्मण : सावकाश धू.